पार्कचा बाँड मतपत्रिकेवर येण्याआधी

नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या वेक काउंटीत नोव्हेंबरची मतपत्रिका लांबच लांब असते. राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, न्यायाधीश, शाळा मंडळ, अगदी मृद आणि जलसंधारण मंडळाचा सभासदसुद्धा. ही सगळी नावं संपली की एखाद्या वर्षी तळाशी किंवा पानाच्या मागे एक प्रश्न असतो. मराठीत सांगायचा तर असा काहीसा: पार्क आणि करमणुकीच्या सुविधांच्या भांडवली खर्चासाठी अमुक डॉलरचे रोखे (म्हणजेच बाँड), अधिक व्याज, आणि ते फेडण्यापुरते जादा कर लावता येतील, या आदेशाला मंजुरी द्यावी का? खाली दोन लंबगोल. होय, नाही.

बरेच जण हे वाक्य पहिल्यांदा वाचतात ते मतदान केंद्रात उभं राहून. तोवर कुठलं पार्क, त्यात काय काय, किती पैसे, हे सगळं ठरून गेलेलं असतं. उरतो तो फक्त होकार किंवा नकार. आपल्या भागातल्या पार्कात खरंच काही व्हायला हवं असेल, तर या वाक्याच्या दीड-दोन वर्षं आधी कामाला लागावं लागतं. ते कसं, हे कॅरी-मॉरिसव्हिल-एपेक्स पट्ट्यात नुकतं घर घेतलेल्यांसाठी लिहितो आहे. इतर राज्यांतल्या वाचकांना क्रम साधारण हाच सापडेल, नियम मात्र आपापले तपासावे लागतील.

बाँड म्हणजे कर्ज, देणगी नव्हे

पुणे महापालिकेने २०१७ मध्ये २४ तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे ७.५९ टक्क्यांनी काढले. मुंबईच्या शेअर बाजारात घंटा वाजली, बातम्या आल्या, पण कोथरूड-हडपसरच्या मतदाराला कुणी विचारलं नाही. कायद्याने विचारायची गरजच नव्हती. इथे गंमत अशी की शहराला पार्कसाठी ‘जनरल ऑब्लिगेशन’ प्रकारचा बाँड काढायचा असेल, तर नॉर्थ कॅरोलायनाच्या राज्यघटनेनुसार एरवी मतदारांची परवानगी लागते. कारण सरळ आहे. या कर्जाला तारण म्हणून एखादी इमारत किंवा तिकिटाचं उत्पन्न नसतं, शहराचा कर लावण्याचा अधिकारच तारण असतो. म्हणजे शेवटी तुमचं-आमचं घर. ज्याच्या घरावर बोजा, त्याला विचारा, इतका साधा हिशेब.

साध्या बहुमताने काम होतं. कॅलिफोर्नियात शहराच्या अशा बाँडला दोन तृतीयांश मतं लागतात, आणि ती अट ५५ टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव तिथल्या मतदारांनी २०२४ मध्ये फेटाळला. वॉशिंग्टन राज्यात ६० टक्के लागतात. उलट न्यू जर्सीत नगरपालिका बहुतेक वेळा कौन्सिलच्या ठरावानेच रोखे काढते. तिथे लोकांपुढे मतदानाला येतो तो मोकळ्या जागांसाठीचा छोटा वार्षिक कर. त्यामुळे तिथल्या एडिसन गावात राहणाऱ्या भावाचा सल्ला कॅरीत चालेलच असं नाही.

बाँडच्या पैशातून जमीन घेता येते, मैदान बांधता येतं, पूल, दिवे, स्वच्छतागृह, ग्रीनवे (झाडीतून जाणाऱ्या चालण्या-सायकलच्या वाटा) करता येतात. गवत कापणाऱ्याचा पगार, दिव्यांचं वीजबिल, उन्हाळी शिबिराचे शिक्षक यांचा खर्च त्यातून करता येत नाही. हा फरक आत्ताच डोक्यात ठेवा. पुढे आकड्यांत तोच आडवा येतो.

मत नसलं तरी तोंड आहे

आपल्याकडच्या अर्ध्या लोकांची अडचण इथेच सुरू होते. एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर या मतदानात भाग घेता येत नाही. घराचा कर पूर्ण भरता, तरी नाही. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो: नागरिकत्व मिळेपर्यंत मतदार म्हणून नोंदणी करू नका. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना काउंटरवरची बाई सवयीने विचारते, ‘मतदार नोंदणी करायची का?’ उत्तर ‘नाही’. चुकून केलेली नोंदणीसुद्धा पुढे नागरिकत्वाच्या अर्जात गळ्याशी येऊ शकते. मोहिमेला पैसे द्यायचे असतील तरी व्हिसावरच्या माणसाने आधी जाणकार वकिलाला विचारावं.

मात्र मतदान सोडलं तर बाकीचे दरवाजे उघडे असतात. पार्कच्या आराखड्याची बैठक, सर्वेक्षण, जनसुनावणी, कौन्सिलपुढे बोलणं, यातलं काहीही करायला पासपोर्ट कुठला ते कुणी विचारत नाही. पत्ता विचारतात. आणि माझ्या मते बाँडचा खरा निकाल याच ठिकाणी लागतो. म्हणजे मत नसलेल्या माणसाचा प्रभाव उलट जास्त पडू शकतो, जर तो वेळेवर पोचला तर.

कुठे जायचं, कधी जायचं

इथल्या गावांचा कारभार कौन्सिल आणि मॅनेजर अशा पद्धतीने चालतो. महापौर फिती कापतो, धोरण कौन्सिल ठरवतं, पण रोजचं यंत्र टाउन मॅनेजरच्या हातात असतं. महाराष्ट्रातल्या मुख्याधिकाऱ्यासारखा, फक्त त्याला राज्य सरकार पाठवत नाही, कौन्सिल नेमतं. त्याच्याखाली पार्क विभाग आणि वित्त विभाग. आपली मंडळी थेट महापौरांना ईमेल करतात, गोड उत्तर येतं आणि विषय संपतो. पार्क विभागातल्या नियोजकाला भेटा. त्याच्याकडे दोन कागद असतात.

पहिला मास्टर प्लॅन: येत्या दहा-पंधरा वर्षांत कुठल्या भागात काय हवं याचा आराखडा. दुसरा सीआयपी, म्हणजे भांडवली कामांची यादी: कुठलं काम कोणत्या वर्षी, अंदाजे किती पैशांत, पैसा कुठून. मास्टर प्लॅनमध्ये नसलेली गोष्ट सीआयपीत येत नाही, आणि सीआयपीत नसलेली गोष्ट बाँडच्या यादीत जवळपास कधीच येत नाही. म्हणून सगळ्यात आधी या दोन कागदांत आपलं पार्क शोधायचं. दोन्ही गावाच्या संकेतस्थळावर असतात. शेकडो पानं वाचायची गरज नाही, पार्कचं नाव टाकून शोधा.

नाव सापडलं तर त्याच्यापुढे ‘निधी नाही’ असं लिहिलंय का ते बघा. अशा निधी नसलेल्या कामांतूनच बाँडची यादी तयार होते. नावच नसेल तर आधी ते मास्टर प्लॅनच्या पुढच्या सुधारणेत घालून घ्यावं लागेल. कंटाळवाणं आहे, पण त्याला बगल देता येत नाही.

वेळापत्रकही लक्षात ठेवा. इथलं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. मॅनेजरचं अंदाजपत्रक मेमध्ये येतं, जूनमध्ये मंजूर होतं. पण कौन्सिलच्या खऱ्या चर्चा हिवाळ्यात होतात, जानेवारी-फेब्रुवारीच्या दिवसभराच्या बैठकांत. त्या जनतेला खुल्या असतात आणि खुर्च्या बहुतेक रिकाम्या असतात. मेमधल्या सुनावणीला चाळीस जण येऊन जे साधत नाही, ते फेब्रुवारीत चार जणांनी शांतपणे मागच्या रांगेत बसून साधतं.

मागणी मांडायची कशी

‘आमच्या मुलांना क्रिकेट खेळायला जागा नाही.’ हे वाक्य प्रत्येक नियोजकाने ऐकलेलं असतं. सहानुभूतीने मान हलवली जाते आणि वहीत काहीच उतरत नाही, कारण त्यात उतरवण्यासारखं काही नसतं.

नियोजकाच्या बाजूने विचार करून बघा. क्रिकेटची सीमारेषा ६५ यार्डांवर धरली तरी वर्तुळाचं क्षेत्रफळ पावणेतीन एकर होतं. ७५ यार्ड धरलं तर साडेतीन एकरांच्या वर. सॉकरचं मोठं मैदान, ११० बाय ७० यार्डांचं, सुमारे १.६ एकरांत बसतं. म्हणजे एका क्रिकेटच्या मैदानाच्या जागेत त्याला जवळजवळ दोन सॉकरची दिसतात, आणि सॉकरच्या पालकांची संघटना तीस वर्षं जुनी आहे. शिवाय कडक चेंडू सीमेपार कुठे जाणार, बाजूला पार्किंग आहे की झोके, हा त्याचा पुढचा प्रश्न.

याचं उत्तर घेऊनच जायचं. दोन सॉकर मैदानांच्या मध्ये कृत्रिम गवताची खेळपट्टी, सॉकरच्या हंगामात वरून झाकता येईल अशी. कोणत्या महिन्यांत कोण वापरणार याचा तक्ता. सध्या किती संघ, किती खेळाडू, त्यातले किती याच गावात राहतात याचा आकडा. सध्याच्या मैदानाचं बुकिंग किती वेळा नाकारलं गेलं, तेही. गावाबाहेरचे खेळाडू मोजून आकडा फुगवू नका. कौन्सिलचा एखादा सदस्य पत्ते मागतोच, आणि मग सगळंच खोटं वाटायला लागतं.

मॉरिसव्हिलचं चर्च स्ट्रीट पार्क या बाबतीत दाखवण्यासारखं उदाहरण. गावाच्या मालकीचं पार्क, आणि तिथे नैसर्गिक खेळपट्टीवर २०२३ च्या उन्हाळ्यात मेजर लीग क्रिकेट या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेच्या पहिल्या हंगामाचे सामने झाले. पण मागणी मांडताना ‘आम्हाला चर्च स्ट्रीटसारखं हवं’ असं म्हणू नका. स्पर्धेचं मैदान आणि शनिवारी सकाळी पोरांना खेळायचं मैदान यांच्या खर्चात फार फरक असतो, आणि मोठा आकडा ऐकला की तुमची मागणी ‘पुढच्या टप्प्यात’ जाते.

क्रिकेटचं उदाहरण ओळखीचं म्हणून घेतलं. पण खरं सांगायचं तर बाँड जिंकतो तो चालण्याच्या वाटांवर, स्वच्छतागृहांवर, सावलीवर आणि व्हीलचेअर जाऊ शकेल अशा खेळाच्या जागांवर. गावाकडून आईवडील सहा महिन्यांसाठी येतात, त्यांना गाडी चालवता येत नाही, घरापासून चालत जाता येईल असं बाक आणि स्वच्छतागृह असलेलं पार्क हवं असतं. हीच गरज शेजारच्या सत्तरीतल्या गोऱ्या आजोबांचीही असते, आणि आजोबा प्रत्येक निवडणुकीत मत देतात. त्यांच्याशी बोला. मंडळाच्या गणपतीतली ताकद घराघरांत फिरायला उपयोगी पडते, पण सुनावणीला फक्त मराठी चेहरे दिसले तर ती एका समाजाची मागणी ठरते.

सुनावणीत बोलायला सहसा तीन मिनिटं मिळतात. नाव, पत्ता, किती वर्षं राहता, आणि एकच मागणी. शक्य असेल तर पार्कच्या नकाशाची एक प्रत, त्यावर पेनाने केलेली खूण. भाषण लिहून आणा आणि तसंच वाचा, कुणी हसत नाही. लाल दिवा लागला की वाक्य अर्धं सोडून बसा. हेही लक्षात राहतं.

आकडे विचारायचे ते हे

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण बाँडच्या बाजूचे आणि विरोधातले दोघेही इथेच गोंधळ घालतात.

समजा गावाला १ कोटी डॉलरचं काम करायचं आहे. वीस वर्षांचा बाँड, ४ टक्के व्याज, मुद्दल दरवर्षी सारखं फेडायचं. दरवर्षी ५ लाख मुद्दल. पहिल्या वर्षी व्याज ४ लाख, शेवटच्या वर्षी २० हजार. वीस वर्षांचं एकूण व्याज ४२ लाख. म्हणजे पार्क १ कोटीचं, परतफेड १ कोटी ४२ लाखांची. विरोधक १.४२ चा आकडा दाखवतील, समर्थक १ चा. दोन्ही खरे. म्हणून ‘एकूण व्याज किती धरलंय?’ हा पहिला प्रश्न.

आता कर. इथे मालमत्ता कर दर १०० डॉलर किमतीमागे इतके सेंट असा मोजतात. तुमच्या घराची करासाठीची किंमत ६ लाख डॉलर असेल, तर दर १ सेंटाने वाढला की तुमचे वर्षाचे ६० डॉलर वाढतात. ३ सेंट म्हणजे १८०, महिन्याला १५. हे गणित पाठ असू द्या. कुणी ‘कर दहा टक्क्यांनी वाढणार’ किंवा ‘रोज एका कॉफीएवढा’ असं म्हणालं की सरळ विचारायचं, किती सेंट?

त्याच्या उलट बाजूचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही: एका सेंटातून गावाला किती मिळतात? गावातल्या सगळ्या मालमत्तेची किंमत २,००० कोटी डॉलर असेल, तर एक सेंट म्हणजे वर्षाला २० लाख डॉलर. वरच्या बाँडचा पहिल्या वर्षाचा हप्ता ९ लाख, म्हणजे अर्ध्या सेंटाहून कमी. असं मांडलं की बाँडचा आकार एकदम हातात येतो. वित्त विभागाकडे हा आकडा कायम तयार असतो, ईमेलने विचारा, मिळतो.

तिसरा प्रश्न देखभालीचा. दिवे लागले की वीजबिल आलं, स्वच्छतागृह आलं की सफाई आली, तरणतलाव आला की जीवरक्षकांचे पगार आले. हा खर्च बाँडमधून नाही, दरवर्षीच्या अंदाजपत्रकातून, आणि तो वीस वर्षांत संपत नाही. कर्ज फिटतं, गवत वाढतच राहतं. नवीन सोयीच्या यादीपुढे वार्षिक देखभालीचा रकाना नसेल, तर ती यादी अर्धवट आहे असं समजा आणि सुनावणीत नेमकं तेच विचारा.

चौथा, अंदाज कोणत्या वर्षाच्या भावाने केला आहे? मतदान, डिझाइन, परवाने, मग निविदा यात काही वर्षं जातात. आजच्या भावाने केलेली यादी पुढे पैसे कमी पडून कापली जाते, आणि कापलं जातं ते सहसा नकाशाच्या कडेचं, गरीब भागातलं काम. डिझाइनचा खर्च आणि आकस्मिक राखीव रक्कम धरली आहे का, हेही याच श्वासात विचारून घ्या.

कायद्याची शिडी

ही पायरी थोडक्यात, कारण इथे आपल्याला करण्यासारखं फार नसतं. कौन्सिल ठरवतं की बाँड मतदारांपुढे न्यायचा. मग राज्याच्या लोकल गव्हर्नमेंट कमिशनकडे अर्ज जातो. १९३० च्या महामंदीत इथली अनेक गावं कर्जबाजारी होऊन बुडाली, म्हणून १९३१ मध्ये राज्याने हे कमिशन नेमलं. राज्याचा खजिनदार त्याचा अध्यक्ष असतो. गावाची ऐपत आहे का, रक्कम गरजेपुरती आहे का, हे ते बघतं. गावाच्या वित्त अधिकाऱ्याला कर्जाचं शपथपत्र दाखल करावं लागतं. गावाचं निव्वळ कर्ज करपात्र मालमत्तेच्या ८ टक्क्यांपलीकडे जाता कामा नये, असाही कायदा आहे. मग बाँडचा आदेश मांडला जातो, जाहीर सूचना, जनसुनावणी, आदेशाला मंजुरी, आणि मतदानाची तारीख.

ही सुनावणी कायद्याने सक्तीची आहे, पण इथे यादी बदलून मिळेल अशी आशा धरू नका. रक्कम त्याआधीच छापून झालेली असते. शपथपत्राची प्रत मात्र जरूर बघा. दोन-तीन पानांत गावाच्या डोक्यावर आज किती कर्ज आहे ते स्वच्छ लिहिलेलं असतं.

तीन निकाल

कॅरीत ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन बाँड मतदानाला आले: रस्ते-वाहतुकीसाठी ११.३ कोटी डॉलर, पार्कसाठी ११.२ कोटी. दोन्ही मंजूर. त्यातूनच गावाच्या मधोमध सात एकरांचं डाउनटाउन पार्क उभं राहिलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते खुलं झालं, आणि आज शनिवारी संध्याकाळी तिथे पार्किंग मिळणं मुश्कील.

शेजारच्या रॉलेने नोव्हेंबर २०२२ मध्ये पार्कसाठी २७.५ कोटींचा बाँड मांडला. मोठ्या फरकाने मंजूर. त्यातली कामं शहरभर विखुरलेली होती. दक्षिणपूर्वेचं जॉन चॅव्हिस मेमोरियल पार्क, वंशभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी बांधलेलं, त्याचा पुढचा टप्पाही त्यात होता. ज्या वस्त्यांना आजवर कमी मिळालं त्यांची नावं यादीत दिसत होती.

मग नोव्हेंबर २०२४. पुन्हा कॅरी, या वेळी पार्कसाठी ५६ कोटी आणि परवडणाऱ्या घरांसाठी ३ कोटी. दोन्ही फेटाळले गेले. डाउनटाउन पार्कवर जीव टाकणाऱ्या त्याच गावाने, एक वर्षाच्या आत.

कारणं एकापेक्षा जास्त असणार, पण मला दिसतात ती अशी. रक्कम मागच्या खेपेच्या पाचपट. तिचा मोठा हिस्सा एका भल्यामोठ्या क्रीडा केंद्रात जाणार होता, म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्याला आपल्या गल्लीसाठी काय, हे चटकन दिसत नव्हतं. दोन्ही बाँड मिळून टप्प्याटप्प्याने ९ सेंटांपर्यंत वाढ सांगितली जात होती, ६ लाखांच्या घराला वर्षाला ५४० डॉलर. आणि त्याच वर्षी काउंटीने घरांचं नव्याने मूल्यांकन केलं होतं. किमतींचे वाढलेले आकडे प्रत्येकाच्या टपालपेटीत येऊन पडलेले. अशा वर्षी लोक ‘पार्क हवं का?’ या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, ‘अजून किती?’ या प्रश्नाला देतात.

म्हणून तुमच्या गावात यादी ठरत असताना तीन गोष्टींचा आग्रह धरा: प्रत्येक भागात दिसेल असं निदान एक काम, एकाच कामाने अर्धी रक्कम खाऊ नये, आणि मूल्यांकनाच्या वर्षी मोठी उडी नको. आपलं लाडकं मैदान यादीत यावं म्हणून यादी फुगवणारे कार्यकर्ते मी बघतो. लहान बाँड मंजूर होऊन मैदान मिळणं, हे मोठा बाँड पडून काहीच न मिळण्यापेक्षा बरं, एवढं त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

मोहीम गावाने नाही, लोकांनी करायची

इथल्या कायद्याने गावाला सरकारी पैशातून बाँडचा प्रचार करता येत नाही. माहितीपत्रक काढता येतं, नकाशे दाखवता येतात, ‘होय म्हणा’ असं म्हणता येत नाही. म्हणून पार्क विभागातल्या ज्या बाई वर्षभर तुमच्याशी मनमोकळं बोलत होत्या, त्या सप्टेंबरमध्ये एकदम गुळमुळीत बोलायला लागतात. रागावू नका, त्यांना तसंच बोलावं लागतं.

प्रचार करायचा तर नागरिकांची समिती लागते. पैसे गोळा करून खर्च करणार असाल तर निवडणूक मंडळाकडे नोंदणी, खजिनदार, हिशेबाचे अहवाल हे सगळं आलं. काउंटीच्या निवडणूक कार्यालयात आधी विचारून घ्या, ते नीट समजावून सांगतात. ट्रस्ट फॉर पब्लिक लँड ही राष्ट्रीय संस्था पार्कच्या मतदानांवर वर्षानुवर्षं काम करते, लोकांचा कल किती रकमेपर्यंत आहे याचं सर्वेक्षण करून प्रस्ताव आखायला मदत करते. हे काम प्रस्ताव ठरण्याआधीचं. रक्कम ठरल्यावर सर्वेक्षण करणं म्हणजे वरात निघाल्यावर पत्रिका जुळवणं.

आपल्या लोकांमध्ये करायचं काम सोपं आहे आणि तेच राहून जातं. जे नागरिक झालेत त्यांना सांगायचं की मतपत्रिकेचं पान उलटा, बाँडचा प्रश्न मागे असू शकतो. वर राष्ट्राध्यक्षाला मत देऊन खालचं कोरं सोडणारे खूप असतात. नमुना मतपत्रिका आधी संकेतस्थळावर मिळते, ती मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाका. होय की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. देवळाच्या किंवा मंडळाच्या नावाने मात्र काही टाकण्याआधी त्यांच्या करसवलतीच्या अटी बघा. उमेदवाराचा प्रचार त्यांना पूर्ण वर्ज्य आहे, बाँडच्या प्रश्नावर थोडी मोकळीक आहे, पण मर्यादेत.

मंजूर झाला तर, पडला तर

मंजुरी म्हणजे गावाला कर्ज काढायची परवानगी, दुसऱ्या दिवशी पैसे येत नाहीत. सात वर्षांच्या आत रोखे विकायचे असतात, ती मुदत दहापर्यंत वाढवून मिळू शकते. गाव ते टप्प्याटप्प्याने विकतं, ज्या वर्षी जेवढं काम तेवढंच. त्यामुळे तुमचं पार्क पहिल्या टप्प्यात की शेवटच्या, हा आता खरा प्रश्न. मतदानानंतर गर्दी पांगते, आणि कामांचा क्रम लागतो तो नेमका तेव्हा. पुन्हा फेब्रुवारीच्या बैठकीत जाऊन बसा. डिझाइनच्या खुल्या बैठका होतात, तिथे भिंतीवर नकाशे लावून रंगीत ठिपके चिकटवायला देतात. बालिश वाटतं, पण ते ठिपके नंतर मोजले जातात. झाडं कुठली तोडणार, सावली कुठे, क्रिकेटची खेळपट्टी उत्तर-दक्षिण आहे का, हे तिथेच सांगायचं. संध्याकाळी फलंदाजाच्या डोळ्यांत ऊन जाणारी खेळपट्टी एकदा काँक्रीटमध्ये गेली की कुणी फिरवून देत नाही.

आणि पडला तर इतर वाटा आहेत, छोट्या पण खऱ्या. राज्याचा पार्क अँड रिक्रिएशन ट्रस्ट फंड गावाला बरोबरीने अनुदान देतो, गावाचा एक डॉलर तर त्यांचा एक. केंद्राचा लँड अँड वॉटर कन्झर्व्हेशन फंड निम्म्यापर्यंत खर्च उचलतो, २०२० च्या कायद्यानंतर त्याला दरवर्षी ९० कोटी डॉलरची कायम तरतूद आहे. त्या पैशातून झालेली जागा मात्र कायमची मैदान म्हणूनच ठेवावी लागते, पुढे तिथे दुसरं काही बांधायचं तर बदली जागा द्यावी लागते. वेक काउंटीत हॉटेलच्या खोल्यांवर ६ टक्के आणि तयार जेवणावर १ टक्का कर आहे. बाहेरगावचे संघ येऊन राहतील अशा स्पर्धांच्या मैदानांना त्यातून मदत मिळू शकते, तिथे तुमचं क्रिकेट अचानक गावाच्या फायद्याचं होतं. शिवाय गावाने आदल्या वर्षी जेवढं निव्वळ मुद्दल फेडलं, त्याच्या दोन तृतीयांशापर्यंत नवे रोखे मतदानाशिवाय काढता येतात. ही सोय बऱ्याच नागरिकांना ठाऊक नसते. एका मैदानावरच्या दिव्यांसाठी किंवा एका स्वच्छतागृहासाठी ती पुरेशी ठरते, म्हणून पुढच्या खेपेला वित्त विभागाला ईमेल कराल तेव्हा एका सेंटाच्या आकड्याबरोबर ‘यंदा दोन तृतीयांशाच्या नियमात किती बसतात?’ हेही विचारा.